मेळघाटातल्या गावांत मुलांच्या आरोग्याचा सर्व्हे करायचाय, सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की धारणी तालुक्यात पाच वर्षांखालच्या मुलांना आरोग्याची काय गरज आहे आणि सोयी किती पोचतात ते शोधायचंय, आणि मोठा फॉर्म तयार आहे. माझं ऐका, फॉर्म नंतर, आधी पोरांची यादी करा. मी त्या भागात काम केलंय, जी पोरं सगळ्यात अशक्त असतात नेमकी तीच रजिस्टरमधून सुटलेली असतात. अंगणवाडीचं रजिस्टर आणि आशाताईंची यादी हातात घेऊन घरोघरी फिरा, सोबत कोरकू बोलणारी गावातलीच बाई हवीच, नाहीतर आया नुसतं हो हो म्हणतात.

वेळ पण बघा. दिवाळीनंतर कितीतरी घरं मजुरीला बाहेर जातात आणि होळीला परत येतात, म्हणजे जानेवारीत गेलात तर कुलपंच मोजाल. एक फेरी होळीच्या सुमारास आणि एक भर पावसाळ्यात करा, कारण तेव्हाच पोरं जास्त आजारी पडतात आणि नाल्याला पूर आला की उपकेंद्र कागदावर जवळ असून उपयोग नसतो.

कुपोषण ओळखायला दंडाचा घेर मोजायची पट्टी लावा, 6 महिन्यांपासून 5 वर्षांपर्यंतच्या मुलांना, डाव्या दंडाला, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये, घट्ट आवळायची नाही आणि सैलही नको. 11.5 सेंमीच्या खाली म्हणजे सॅम, म्हणजे तीव्र कुपोषित, 11.5 ते 12.5 मॅम, म्हणजे मध्यम कुपोषित. दोन्ही पावलांवर अंगठा दाबून सूज बघा, खड्डा राहिला तर पट्टी काहीही म्हणो, ते मूल सॅमच.

पण पट्टीत तान्ही बाळं येत नाहीत आणि बालमृत्यू सगळ्यात जास्त पहिल्या महिन्यातच होतात. म्हणून आईला विचारा, आशाताई कितव्या दिवशी आली, बाळाचं वजन केलं का. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर 42 दिवसांत 6 भेटी व्हायला पाहिजेत, घरी झालं तर 7. ही घरी येऊन बाळ तपासायची पद्धत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग या दांपत्याच्या गडचिरोलीतल्या कामातून आलीय.

आणि पोषण पुनर्वसन केंद्रात, म्हणजे सॅम मुलांना भरती करून उपचार करतात तिथे, का नाही गेलात हे रागावून विचारू नका. तिथे साधारण 14 दिवस राहायचं, घरी दुसरी लेकरं, शेतात काम, बुडीत मजुरी मिळते पण लेकरांना कोण बघणार?

सॅम मूल सापडलं तर रिपोर्टची वाट बघत बसू नका, त्याच दिवशी आशाताईंना सांगून न्यायची सोय करा.