आकडा वाढला तर वाढू दे

चि. मुली,

अनेक आशीर्वाद.

आमदारांच्या कार्यालयात गृह खात्याचा विषय तुझ्याकडे आला, हे वाचून फार बरं वाटलं. कुठून सुरुवात करू, असं विचारलंस. माझी उभी नोकरी पोलीस खात्यात गेली, तेव्हा उत्तरही खात्यातल्या माणसाचंच मिळणार.

आधी रीतसर परवानगी घेऊन एखाद्या पोलीस ठाण्यात दिवसभर बस. साहेबांच्या केबिनमध्ये नको, तक्रारी नोंदवून घेणाऱ्या ठाणे अंमलदाराच्या टेबलाशेजारी बस. एसटी स्टँडवर मोबाईल हिसकावला गेलेली एखादी बाई येईल. अंमलदार तिला पाणी देईल, बिलाची झेरॉक्स मागेल, आयएमईआय नंबर, म्हणजे मोबाईलचा ओळख क्रमांक, विचारेल आणि मग सांगेल, ‘ताई, गहाळ झाला म्हणून अर्ज द्या. दाखला लगेच मिळतो, सिम उद्या चालू होईल.’ बाईला घरी जायची घाई असते, ती सही करते. भारतीय न्याय संहितेत हिसकावून नेणं हा आता स्वतंत्र गुन्हा आहे, पण इथे तो कागदावर आलाच नाही. त्या बीटचा, म्हणजे ठाण्याच्या हद्दीतल्या त्या भागाचा, गुन्ह्यांचा आकडा एकाने कमी राहिला. संध्याकाळी त्या फलाटावर साध्या वेशातला माणूस उभा करावा, असं कुणाच्या मनातही येणार नाही. चोर मात्र पुन्हा तिथेच येणार.

अंमलदाराच्या माथी दोष मारून मोकळी होऊ नकोस. महिन्याच्या क्राईम मीटिंगमध्ये त्याच्या साहेबांना विचारतात, ‘गुन्हे का वाढले?’ अधिवेशनात तोच प्रश्न मंत्र्यांना विचारला जातो, आणि तो लिहून देणारी कार्यालयं तुझ्या कार्यालयासारखीच असतात. दखलपात्र, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा, गुन्ह्याची खबर आली की गुन्हा नोंदवायचाच, हे ललिता कुमारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये स्पष्ट केलं. नोंदी वाढणं म्हणजे गुन्हेगारी वाढणं नव्हे, असं राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागही आपल्या अहवालात बजावतो. तरीही वरून खालपर्यंत सगळे आकडा खाली ठेवायच्या धडपडीत असतात. तू तो प्रश्न लिहू नकोस. त्याऐवजी असं विचार: अमुक ठाण्यात वर्षभरात मोबाईल गहाळ झाल्याचे अर्ज किती आले आणि हिसकावल्याचे गुन्हे किती दाखल झाले? खून सहसा लपवता येत नाही. गाडी चोरीला गेली तर विम्यासाठी गुन्हा नोंदवावाच लागतो. या दोन आकड्यांशेजारी बाकीचे आकडे ठेवून पाहिलेस की नोंद कुठे गळते ते तुझं तुलाच दिसेल. आणि नोंद सुधारल्यामुळे आकडा वाढला, तर तो वाढू द्यायचं धैर्य तुझ्या आमदारांना दे. विरोधी पक्षात असले तरी.

आता पैशाचं. पोलीस हा राज्यसूचीतला विषय, त्यामुळे खर्चाचा मुख्य भार राज्यावर. त्यातला बहुतेक पैसा पगार-भत्त्यांत जातो, आणि तो जायलाच हवा. माणसांशिवाय पोलीस खातं कसलं? केंद्राची आधुनिकीकरणाची योजना 1969-70 पासून चालू आहे. तिच्यातून आणि जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून गाड्या, कॅमेरे, संगणक येतात. पालकमंत्री झेंडा दाखवतात, गाड्या रांगेने निघतात, फोटो छापून येतो. त्या गाड्यांना चालक किती आहेत आणि महिन्याला डिझेल किती मिळतं, हे मात्र कुणी विचारत नाही. तू विचार. आरोपीच्या मागावर परराज्यात गेलेले दोन पोलीस लॉजचं भाडं, जेवण, रिक्षा, सगळं खिशातून भरतात आणि परत आल्यावर बिलासाठी कारकुनाच्या टेबलाशी खेटे घालतात. मग तपास लांबला की आपणच ओरडतो. 1 जुलै 2024 पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले. सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचं, असं त्यात आहे. तयारीसाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत दिली आहे. तेवढे तज्ज्ञ, तेवढ्या व्हॅन आणि प्रयोगशाळेत तेवढे हात कुठून येणार, हा खरा बजेटचा प्रश्न आहे. माझ्या मते कॅमेऱ्यांच्या पुढच्या टप्प्याआधी पैसा इथे लागला पाहिजे.

माणसाच्या वेळेचाही हिशेब मांड. 2016 मध्ये मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग झाला. त्याची कल्पना तिथल्याच एका कर्मचाऱ्याची होती, आणि आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी ती उचलून धरली. पण गणपती, निवडणुका, सभा, मंत्र्यांचे दौरे आले की बीटवरचा माणूस बंदोबस्ताला जातो आणि बीट उघडी पडते. तपास आणि कायदा-सुव्यवस्था यांची माणसं वेगळी करा, असं सर्वोच्च न्यायालयाच्या पोलीस सुधारणांवरच्या प्रकाश सिंह निकालाने 2006 मध्येच सांगितलंय.

गुन्हा होण्याआधी रोखणं म्हणजे नक्की काय, हे समजून घ्यायचं असेल तर भिवंडीचा अभ्यास कर. 1970 आणि 1984, दोनदा ते गाव दंगलीत होरपळलं. 1988 मध्ये सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी मोहल्ला कमिट्या बांधल्या, त्यांत हिंदू-मुसलमान दोन्हीकडची माणसं घेतली, आणि भाषणबाज पुढाऱ्यांऐवजी गल्लीतल्या साध्या, कष्टकरी माणसांना बसवलं. बैठकीत नळाच्या पाण्यापासून मुलांच्या भांडणापर्यंत काहीही निघायचं. त्यातून बीटच्या पोलिसाला घरं कळली, माणसं नावानिशी कळली. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये शेजारची मुंबई पेटली. श्रीकृष्ण आयोगाने तिथल्या मृतांचा आकडा 900 नोंदवला. भिवंडी त्या दिवसांत शांत राहिली. या कामाला फार पैसा लागला नव्हता. लागला तो पोलिसांचा वेळ, आणि शहरात पुरेसा काळ टिकणारा अधिकारी. त्याच भिवंडीत जुलै 2006 मध्ये पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून हिंसाचार झाला आणि दोन पोलीस मारले गेले. कमिट्या आधीच्या जोमाने चालू असत्या तर ते टळलं असतं, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण अशी कामं अधिकाऱ्याबरोबर येतात आणि त्याच्या बदलीबरोबर जातात, हे मी नोकरीभर पाहिलं. म्हणूनच अधिकाऱ्याला एका जागी किमान दोन वर्षं ठेवायचं, हा कार्यकाळाचा मुद्दा मला जिव्हाळ्याचा वाटतो. राज्याने 2014 च्या दुरुस्तीने तो पोलीस कायद्यात आणला, पण मुदतीआधी बदली करायच्या वाटाही त्याच कायद्यात ठेवल्या. त्या वाटांनी किती जण गेले, ते माहितीच्या अधिकारात मागव.

गावाकडे आर. आर. पाटील गृहमंत्री असताना 2007 मध्ये तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. बांधावरून, वाटणीवरून चाललेले किती तरी वाद तिने गावातच मिटवले, मला ती मनापासून आवडली. एक सांभाळ: नवऱ्याच्या मारहाणीची तक्रार तंटामुक्त गावाच्या बक्षिसापायी ‘मिटवली’ जात असेल, तर तिथे कसली तंटामुक्ती? अशा योजनांवर लिहिताना गावातल्या बायकांशी बोलल्याशिवाय एक ओळही लिहू नकोस.

हिवाळी अधिवेशनात पुरवणी मागण्या, म्हणजे बजेटबाहेरच्या जादा खर्चाच्या मागण्या, येतील. गृह विभागाची पानं हाती आली की आधी इंधन, तपास खर्च आणि प्रयोगशाळा या शीर्षांखाली काय मागितलंय ते बघ, गेल्या वर्षीचं किती अखर्चित राहिलं तेही काढ, आणि मला पाठव. कोणत्या रकमेबद्दल विचारायला हवं, ते मी खुणा करून कळवतो. नागपूरला थंडी असते, स्वेटर ने.

तुझा,
काका