दहावीचा भूगोल पाठच करावा लागतो का?

तुमची मुलगी भूगोलाची उत्तरं घोकते, आठ दिवसांत विसरते आणि पुस्तकातल्या ब्राझीलचं नाव काढलं तरी चिडते, असं तुम्ही लिहिलंय. नववीपर्यंत माझंही तेच होतं. 40 मार्कांचा तर पेपर, तोही शेवटचा, आदल्या रात्री बघू, असा हिशेब.

2019 साली मी दहावीत होतो. गाव शिरोळ तालुक्यात, शाळेसाठी कोल्हापुरात कसबा बावड्याला मामाकडे राहायचो. जुलैअखेर पावसानं झड लावली आणि रोज सकाळी आईचा फोन यायला लागला, "राजारामला किती फूट झालं रे?" पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका. हे दोन आकडे इथं पोरासोरांनाही पाठ असतात. मामा म्हणाला, "नुसतं सांगतोस काय, लिहून ठेव की." मग आलेखाच्या कागदावर आडवी तारीख आणि उभे फूट मांडले. शहाणपणा करून उभा अक्ष 50 लाच संपवला. त्याच्यावर पाणी कशाला जातंय! ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात रेघ कागदाबाहेर गेली. वर दुसरा तुकडा डिंकानं चिकटवला, रेघ 55 च्याही पुढं गेली. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली, शाळा बंद.

तेव्हा आई फोनवर जे म्हणाली त्यानं मला भूगोल शिकवला. "आमच्याकडं पाऊस तो केवढा, आणि पाणी दारात कसं आलं?"

घाटमाथ्यावरच्या गगनबावड्याला वर्षाला 5000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पूर्वेकडच्या शिरोळला जेमतेम त्याचा दहावा हिस्सा. समुद्रावरून आलेले वारे सह्याद्रीला अडून वर चढतात, तिथंच रिकामे होतात आणि पूर्वेला कोरडे पोचतात. पुस्तकातला प्रतिरोध पाऊस आणि पर्जन्यछाया ती हीच, कोल्हापूरहून एसटीनं दोन तासांत बघून येण्यासारखी. पण घाटात पडलेलं पाणी तिथं थोडंच थांबतंय? कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती ते खाली आणतात आणि प्रयाग चिखलीपासून ती पंचगंगा होते. (पाचवी सरस्वती गुप्त आहे, नकाशात शोधत बसू नका.) पुढं नृसिंहवाडीला ती कृष्णेला मिळते. तिकडं जमीन सपाट, नदीला उतार कमी, त्यात कृष्णाच तुडुंब. मग पंचगंगेचं पाणी पुढं सरकत नाही, मागं फुगतं. जिल्ह्यात सगळ्यात कमी पाऊस पडणारा तालुका असा बुडतो.

एवढं डोक्यात बसल्यावर ब्राझील अवघड राहिला नाही. अटलांटिकवरून येणारे वारे तिथं किनाऱ्यालगतच्या अजस्र कड्याला अडतात, म्हणून ईशान्येकडं कड्यापलीकडं पाऊस कमी. वारा, कडा, पलीकडं कोरडं. गगनबावडा आणि शिरोळच, फक्त वारा दुसऱ्या बाजूनं येतो.

म्हणून मुलीला आधी प्रश्नोत्तरं देऊ नका. तुमच्या जवळच्या नदीची पातळी पावसाळ्यात रोज पेपरात येत असेल तर महिनाभर तिला आलेख काढू द्या. नकाशा भरताना आधी डोंगर काढायचे, मग त्यांच्यावरून उतरणाऱ्या नद्या, गावं सगळ्यात शेवटी. मुलं नेमकी उलटं करतात, मग गोदावरी कुठल्या बाजूला वाहते इथं अडकतात. व्याख्या मात्र थोड्या पाठ कराव्याच लागतात, त्याला इलाज नाही.

माझं म्हणाल तर एवढी तयारी करून पेपर झालाच नाही. मार्च 2020 मध्ये कोरोनामुळं नेमका भूगोलाचाच पेपर आधी पुढं ढकलला, मग रद्द झाला आणि बाकीच्या विषयांवरून सरासरी मार्क मिळाले. तो कागद अजून मामाकडं आहे. 2021 च्या जुलैत पाणी पुन्हा चढलं तेव्हा मामानं त्याच कागदावर लाल पेनानं दुसरी रेघ ओढायला घेतली. ती माझ्या रेघेच्याही वर गेली.