गुलाबी रंग उडाला, म्हणजे क्लोरीन संपला का?

प्रश्न : आमच्या गावच्या टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकल्यानंतर घेतलेल्या नमुन्यात डीपीडीची (क्लोरीन असल्यास पाणी गुलाबी करणाऱ्या रसायनाची) गोळी विरघळवली, तेव्हा क्षणभर गुलाबी छटा आली आणि लगेच नाहीशी झाली. रंगमापक यंत्रानेही जवळजवळ शून्य दाखवले. पाण्याला मात्र क्लोरीनचा उग्र वास येत होता. यंत्र बिघडले आहे, की पावडर कमी पडली?

उत्तर : कृपया आणखी पावडर टाकू नये. आपण केलेल्या वर्णनावरून पाण्यात क्लोरीन कमी नसून तो फार जास्त झाला असावा, असे वाटते.

क्लोरीन स्वतः पाण्यात इतका फिका असतो की पिण्याच्या पाण्यातले त्याचे प्रमाण डोळ्यांना कळत नाही. म्हणून त्याची डीपीडीशी अभिक्रिया घडवून गुलाबी रंगद्रव्य तयार केले जाते. हे रंगद्रव्य हिरवा प्रकाश शोषते. त्यामुळे यंत्र साधारण ५१५ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश नमुन्यातून पाठवते आणि पलीकडे किती पोहोचला ते मोजते. समजा, एका नमुन्यातून निम्मा प्रकाश पार झाला, तर रंगद्रव्य दुप्पट असलेल्या नमुन्यातून, बाटलीची जाडी तीच असताना, चौथाच हिस्सा पार होईल. अशा वेळी शोषणाचा आकडा (पार झालेल्या प्रकाशाच्या हिश्श्यावरून लॉगरिदमने काढलेला) ०.३० वरून ०.६० होतो, म्हणजे प्रमाणाबरोबर सरळ वाढतो. बिअर-लँबर्ट नियम तो हाच.

यंत्राला दिसतो तो रंग, क्लोरीन नव्हे. घोटाळा होतो तो इथेच. क्लोरीन फार झाला की तो गुलाबी रंगद्रव्याचेही पुढे ऑक्सिडीकरण करतो आणि त्यातून रंगहीन पदार्थ तयार होतो. मग हिरवा प्रकाश अडवायला काहीच उरत नाही आणि यंत्र प्रामाणिकपणे शून्य दाखवते. म्हणून वास येत असताना आलेल्या शून्यावर मुळीच विश्वास ठेवू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

खात्री करणे सोपे आहे. नमुन्याचे १ मिलिलिटर पाणी घेऊन त्यात क्लोरीन नसलेले ऊर्ध्वपातित पाणी घालून एकूण १० मिलिलिटर करावे, नवी गोळी घालावी आणि आलेला आकडा १० ने गुणावा. गुलाबी रंग टिकला, तर शंका फिटली. तरीही रंग उडाला, तर आणखी विरल करावे. गोळी घालण्यापूर्वी त्याच पाण्यावर यंत्र शून्यावर आणावे, बाटलीवरचे बोटांचे ठसे पुसावेत आणि मुक्त (म्हणजे अमोनियाशी न जुळलेल्या) क्लोरीनसाठी गोळी विरघळताच, मिनिटभरात वाचन घ्यावे. उशीर झाला तर क्लोरामाइनही (क्लोरीन आणि अमोनिया यांची संयुगे, म्हणजेच संयुक्त क्लोरीन) हळूहळू रंग देऊ लागतात.

ओटी (ऑर्थोटोलिडिन) या दुसऱ्या क्लोरीन-चाचणीतला पिवळा रंग मुक्त आणि संयुक्त क्लोरीन यांत नीट भेद करत नाही, शिवाय तो डोळ्यांनी ताडावा लागतो. त्यामुळे गावात यंत्र असेल, तर डीपीडीच वापरावी. पावडर पाण्यात मिसळून किमान ३० मिनिटे झाल्यावर टाकीतला नमुना घ्यावा आणि दुसरा शेवटच्या नळावरचा घ्यावा, कारण भारतीय मानकानुसार लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन ग्राहकापर्यंत पोहोचायला हवा.