सही करायच्या आधी एवढं वाच

बाळा,

काल तू गेल्यावर बघते तर बँकेच्या पत्राची झेरॉक्स टेबलावरच राहिलेली. परत एकदा वाचली. शिक्षणासाठी 6 लाखाचं कर्ज मंजूर, व्याज साडेदहा टक्के, सहकर्जदार म्हणून तुझ्या पप्पांचं नाव आणि त्याखाली त्यांच्या सहीसाठी मोकळी जागा. ती मोकळी जागा बघून रात्री झोप लागेना म्हणून लिहितेय, कारण समोर बोलताना तुझा आनंद बघून मी निम्मं बोललेच नाही.

तू पत्रकार व्हावंस असं मला मनापासून वाटतं, हे आधी सांगते. बेदाणा शेडवरच्या बायकांवर तू लिहिलेलं मी दोनदा वाचलं. त्यांची हजेरीची वही मागून घेतलीस, कुणाचे किती खाडे आणि त्याचे पैसे कसे कापले ते आकडे लिहून आणलेस, हे कुणी शिकवून येत नाही गं. त्यामुळं व्हायचं की नाही हा प्रश्नच नाही. पुण्यातल्या खाजगी कॉलेजातली पत्रकारितेची ती दोन वर्षं 6 लाखाला घ्यायची का, एवढंच बघायचंय.

हिशोब मी वहीत मांडला. पहिल्या वर्षी 3 लाख उचलले आणि दुसऱ्या वर्षी 3, असं धरलं. एज्युकेशन लोनला कोर्स संपून वर्षभर हप्ता नसतो, हे तुला बँकेत सांगितलं, पण व्याज पहिल्या उचलीपासून चालू होतं हे कुणी नीट सांगितलं नाही. सरळव्याजानं धरलं तरी पहिल्या वर्षाचं 31,500, दुसऱ्याचं 63,000, तिसऱ्याचं 63,000. म्हणजे पहिला हप्ता सुरू व्हायच्या दिवशी तुझ्या डोक्यावर 6 नाही, 7 लाख 57 हजार असणार. सात वर्षांत फेडायचं म्हटलं तर महिन्याला पावणेतेरा हजाराच्या आसपास, दहा वर्षं घेतलीस तर सव्वादहा हजार, आणि सात वर्षांत सगळं मिळून पावणेअकरा लाखाच्या घरात जातात.

आता पगार. मी पेपरात डेस्कवर होते तेव्हा शेवटी शेवटी जी पोरं आली ती 14 हजारावर लागली, त्यातली दोघं पुण्यातून शिकून आलेली. तालुक्याचा वार्ताहर तर मानधनावर असतो, त्यात पेट्रोलसुद्धा सुटत नाही, वर दिवाळी अंकाच्या आणि वाढदिवसाच्या जाहिराती आणायच्या आणि त्याच्या कमिशनवर घर चालवायचं. पत्रकारांचे पगार ठरवणाऱ्या मजिठिया वेतन मंडळाचं तू म्हणालीस, ते खरंय, नोव्हेंबर 2011 ची अधिसूचना आहे आणि फेब्रुवारी 2014 मध्ये सुप्रीम कोर्टानं ती उचलून धरली, पण मी ज्या ऑफिसात होते तिथं नवीन माणूस कॉन्ट्रॅक्टवर घ्यायचे आणि पगाराच्या कागदावर त्या मंडळाचं नावही नसायचं. तो आकडा धरून घराचं गणित मांडू नकोस. 14 हजारातून पावणेतेरा गेले तर सांगलीत खोलीचं भाडं कुठून देणार?

पण मला खरी भीती पगाराची नाही, हप्त्याची आहे. आजवर कुणाला नीट सांगितलं नाही ते तुला सांगते.

माझी नोकरी नवीन होती, पगार 11 हजार. भावाच्या शिक्षणासाठी पतसंस्थेचं कर्ज माझ्या नावावर काढलेलं, दर महिन्याच्या 5 तारखेला 4,500 चा हप्ता. त्या हंगामात एका कारखान्यानं तीन महिने उसाची बिलं दिली नव्हती. ऊस गेल्यापासून 14 दिवसांत बिल द्यायचं हा कायदा आहे. वाळवा तालुक्यातले चार शेतकरी वजनाच्या पावत्या पिशवीत घालून घेऊन आले, मी त्या तारखेप्रमाणं लावल्या, रकमेची बेरीज केली, कारखान्याची बाजू विचारायला तीनदा फोन केला. बातमी लिहून झाली, पान लागलं. संध्याकाळी सातला वरून निरोप आला की थांबवा, वर्धापनदिनाच्या पुरवणीला त्यांची फुल पेज जाहिरात आलीय. माझ्या शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्यानं तिथंच राजीनामा लिहिला. त्याच्यावर कर्ज नव्हतं. मी कॅलेंडर बघितलं, महिन्याची 28 तारीख होती. मी बसून राहिले आणि त्या जागेवर दुसरी बातमी लावली.

पुढं महिनाभरानं त्यातला एक म्हातारा एसटी स्टँडवर भेटला. बातमीचं काहीच विचारलं नाही त्यानं. "ताई, आमच्या पावत्या परत मिळतील काय," एवढंच म्हणाला.

म्हणून सांगते, कर्ज किती आहे त्यावर तू कुणाला नाही म्हणू शकतेस ते ठरतं. तुझा हप्ता पगाराच्या चौथ्या हिश्शाच्या आत बसला तर मी काही बोलणार नाही. इथं तो जवळजवळ सगळाच पगार खातोय.

आता दुसऱ्या वाटा. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात पत्रकारितेचा विभाग आहे, सांगलीपासून 50 किलोमीटरच्या आसपास, हॉस्टेलला राहिलीस तरी पुण्यातल्या त्या खाजगी कॉलेजच्या फीशी तुलनाच नाही, आणि तिथं कमवा व शिका योजनाही आहे. पुण्यालाच जायचं असेल तर रानडे इन्स्टिट्यूटची प्रवेश परीक्षा दे, ते पुणे विद्यापीठाचं आहे. मराठीतून करायचं तर आयआयएमसी या केंद्र सरकारच्या पत्रकारिता संस्थेच्या अमरावती केंद्राचाही फॉर्म भर. नोकरी धरून करायचं तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. पदवीचा कागद लागतो तो मुख्यतः माहिती खात्यात, जिल्हा माहिती अधिकाऱ्याच्या जागेला वगैरे, नाहीतर कॉलेजात शिकवायला, आणि तिथं तो कुठल्या चकाचक कॅम्पसचा आहे याला फारशी किंमत नाही. पेपरात तर मला आजवर एकाही संपादकानं डिग्री दाखव म्हटलं नाही, बातमी दाखव म्हणाले.

आणि बातमी विषय कळण्यातून येते. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं, धोक्याची पातळी 45 ची. तेव्हा कॅमेरे घेऊन खूपजण आले, पण कोयना धरणातून किती क्युसेक सोडलंय, अलमट्टी धरणात काय चाललंय आणि त्याचा अर्थ गावभागात कुठल्या गल्लीपर्यंत पाणी येणार, हे सांगू शकणारे हाताच्या बोटावर मोजण्याइतके होते. लोक त्यांनाच फोन लावत होते. तुला शेती कळते, सौद्यात बेदाण्याचा भाव कसा पडतो ते तू लहानपणापासून बघितलंयस. सातबारा, फेरफार, ग्रामपंचायतीचं लेखापरीक्षण वाचायला शीक. माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपयात होतो, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं, या महिन्यातच एक टाक. एक्सेल आणि इंग्रजी पक्कं कर, त्याला 6 लाख लागत नाहीत.

एवढं वाचूनही तिथंच जायचं ठरलं तर मी रागावणार नाही, पण कर्ज 4 लाखाच्या आत बसव. तिथपर्यंत खर्चातला स्वतःचा हिस्सा सहसा भरावा लागत नाही. शिकताना दर महिन्याचं व्याज भरता आलं तर भर, म्हणजे ते मुद्दलात चढत नाही, काही बँका त्यासाठी दरात सूट देतात आणि मुलींना वेगळी अर्धा टक्का. कॉलेज पीएम विद्यालक्ष्मी या केंद्राच्या शैक्षणिक कर्ज योजनेच्या यादीत आहे का ते बघ. असेल आणि घरचं उत्पन्न 8 लाखाच्या आत असेल तर 10 लाखापर्यंतच्या कर्जावर 3 टक्के व्याज सवलत मिळू शकते. आणि पप्पांना एक गोष्ट स्पष्ट सांग, तुझा हप्ता थकला तर सिबिल, म्हणजे कर्ज फेडण्याचा रेकॉर्ड, त्यांचंही खराब होतं. बागेला उद्या औषधाला, छाटणीला पैसे लागले तर तेच आडवं येईल. ते तुझ्यासाठी न वाचता सही करतील, मला माहितीय.

कॉलेजला मेल टाक आणि विचार की मागच्या बॅचची किती मुलं न्यूजरूममध्ये लागली आणि किती पीआर किंवा कंटेंटमध्ये, दोन्ही आकडे वेगळे द्या. माहितीपत्रकातलं 'सर्वाधिक पॅकेज' बघू नकोस. मागच्या बॅचच्या दोघातिघांचे नंबर मिळव, त्यांना हातात किती येतात ते विचार, तू बायकांना हजेरी विचारलीस तसंच.

रविवारी ये, पप्पांना घेऊन ये. सौदा लवकर आटोपला तर दुपारी जेवायलाच या. तुझी झेरॉक्स माझ्या कपाटात आहे, हिशोबाची वहीही काढून ठेवते.

तुझी ताई
सांगली