संमतीचं वय जर्मनीत १४, इंग्लंडमध्ये १६ आणि आपल्याकडे १८, असं का?

तुम्ही विचारलंय की शरीरसंबंधाला कायद्याने संमती देता येते त्या वयाचे तीन देशांत तीन आकडे कसे, आणि तुमचा भाचा शिकायला जर्मनीला चाललाय तर त्याला कुठला कायदा लागणार. मी नाशिकला सीबीएससमोरच्या कोर्टात बरीच वर्षं फौजदारी प्रॅक्टिस करते, पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांच्या कायद्याच्या, केसेस रोजच्याच, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी ते १४ चं बघू, कारण व्हॉट्सॲपवर ते अर्धवटच फिरतं. जर्मनीत १४ च्या खाली संमतीला काही अर्थच नाही हे खरं, पण १४ ते १६ मधल्या पोराचं किंवा पोरीचं न कळतेपण वापरून २१ च्या वरच्या माणसाने संबंध ठेवले तर तिथेही गुन्हा होतो, आणि समोरची व्यक्ती १८ च्या आतली असेल आणि तिच्या अडचणीचा फायदा घेतला किंवा पैसे दिले तरी गुन्हाच. इंग्लंडमध्ये १६, पण शिक्षक किंवा वसतिगृहाचा रेक्टर अशा जबाबदारीच्या जागेवरचा माणूस असेल तर १८. कॅनडात २००८ मध्ये १४ चं १६ केलं, मात्र १४-१५ च्या मुलीचा मित्र पाच वर्षांपेक्षा कमी अंतराने मोठा असेल तर त्याला सूट ठेवली. फ्रान्सने २०२१ मध्ये १५ ची रेघ मारली, तिथेही पाच वर्षांचं अंतर बघतात. जपानमध्ये तर १९०७ च्या कायद्यातलं १३ हे वय थेट २०२३ पर्यंत चाललं, मग १६ झालं. अमेरिकेत हा विषय राज्यांकडे असल्याने न्यूयॉर्कला १७, कॅलिफोर्नियात १८. म्हणजे नुसता आकडा बघून काही कळत नाही, दोघांच्या वयात अंतर किती आणि एकाची दुसऱ्यावर सत्ता आहे का हे बहुतेक देश आकड्याच्या शेजारी लिहून ठेवतात.

आपल्याकडचा आकडा कसा चढत गेला ते मात्र प्रत्येक मराठी माणसाला माहीत पाहिजे असं मला मनापासून वाटतं. १८६० च्या दंडसंहितेत हे वय १० होतं, हो, दहा. इंग्लंडने स्वतःच्या मुलींसाठी १८८५ मध्ये १३ चं १६ केलं तेव्हाही इथे १० च होतं, राज्य तेच. त्याच काळात मुंबईत रखमाबाईंनी, ज्यांचं लग्न अकराव्या वर्षी लावून दिलं होतं, नवऱ्याकडे नांदायला जायला कोर्टात नकार दिला. नंतर कलकत्त्याला फुलमणी दासी ही दहा-अकरा वर्षांची पोर नवऱ्याच्या जबरदस्तीने मेली आणि १८९१ ला संमतीवयाचा कायदा येऊन १० चं १२ झालं. टिळकांचा विरोध, परक्या सरकारने आमच्या धर्मात हात घालू नये म्हणून, आणि आगरकर कायद्याच्या बाजूने. बारा वर्षांच्या मुलीसाठी एवढं रण पेटलं होतं! पुढे हळूहळू १६ पर्यंत आलो आणि १४ नोव्हेंबर २०१२ ला पोक्सो लागू झाला तेव्हा १८. नवऱ्याने बायकोशी ठेवलेल्या संबंधांना मात्र तेव्हाही १५ च धरलं जायचं, ते सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०१७ मध्ये १८ केलं, आता दंडसंहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेतही १८ च आहे.

पण आपल्याकडे रेघ आहे, अंतर नाही. साडेसतराची मुलगी आणि एकोणीसचा मुलगा, दोघं पळून गेले, बापाने पोलीस स्टेशनला तक्रार दिली की पोराला तीच कलमं लागतात जी चाळिशीतल्या नराधमाला लागतात, पोक्सोच्या कलम ४ खाली कमीत कमी १० वर्षं कैद, मुलगी १६ च्या आतली असेल तर २०, आणि ती कोर्टात उभी राहून मी माझ्या मर्जीने गेले म्हणाली तरी कायद्याच्या लेखी त्या मर्जीला किंमत नाही. दोघंही सतरा वर्षांचे असले तरी बहुतेक वेळा मुलगाच बाल न्याय मंडळापुढे जातो. वर पोक्सोचं कलम १९, म्हणजे ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवायचंच, त्या भीतीने दिवस गेलेल्या मुली दवाखान्यात जाईनात. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीचं नाव डॉक्टरने कळवायची गरज नाही, तिने आणि तिच्या पालकांनी तशी विनंती केली तर. हे अजून कितीतरी जणांना माहीतच नसतं.

आणि वय ठरतं कशावर? तर आधी शाळेचा दाखला. सुरगाणा, पेठ भागात ज्यांचे जन्म घरी झाले त्यांची तारीख पहिलीत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने टाकलेली असते, १ जून. माझ्याकडे एक केस होती, गाव सांगत नाही, आई शपथेवर सांगत होती की पोर मोठ्या पावसाच्या साली झाली म्हणजे अठरा पूर्ण, दाखल्यावर मात्र अठराला चार महिने कमी, आणि त्या चार महिन्यांपायी पोरगा चौदा महिने जेलमध्ये. जन्माची नोंद नव्हती, आणि दाखला असला की हाडांच्या तपासणीपर्यंत गाडी सहसा जातच नाही. मला त्या आईचा चेहरा विसरता येत नाही.

म्हणून वय सरसकट १६ करा असं मी म्हणेन का? नाही. त्याच भागात पंधराव्या-सोळाव्या वर्षी लग्नं लावून दिलेल्या मुली मी बघते, १६ ची रेघ झाली की पहिला फायदा त्या तिशीतल्या नवऱ्यांचा. विधी आयोगानेही २०२३ च्या २८३ व्या अहवालात वय १८ च ठेवा म्हटलं, फक्त १६ ते १८ मधल्या प्रकरणांत न्यायाधीशाला शिक्षेबाबत थोडा हात मोकळा द्या. माझ्या मते तेवढ्याने भागत नाही, कॅनडासारखं अंतर कायद्यातच लिहायला हवं, कारण शिक्षा कमी होईपर्यंत पोराचं शिक्षण, नोकरी सगळं गेलेलं असतं.

आता भाच्याचं. तिथे राहतो तोवर जर्मन कायदा लागतो हे उघड आहे, पण भारतीय नागरिकाने परदेशात केलेल्या कृत्यालाही आपली न्याय संहिता लागू होते, इथे खटला चालवायला केंद्राची परवानगी लागते इतकंच. म्हणजे तिथे जे चालतं ते आपल्या कागदावर गुन्हा असू शकतं. त्याला सरळ सांगा, १८ च्या आतली असेल तर लांब राहा. आणि नग्न फोटोंचं वेगळं सांगा, कारण इथेच पोरं फसतात: इंग्लंडमध्ये संमतीचं वय १६ असलं तरी तसल्या फोटोंना १८ च लागतं, आणि आपल्याकडे १८ च्या आतल्या मुलीचा किंवा मुलाचा असा फोटो दुसऱ्याला पाठवला, तिनेच दिलेला असला तरी, आयटी ॲक्टचं कलम ६७बी आणि पोक्सो दोन्ही लागतात.