वाचकांचे प्रश्न: ड्रोन उडवणारा उभा कुठे आहे?

या महिन्यात आलेल्या पत्रांत ड्रोनचा विषय इतक्या वेळा आलाय की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते. उडवणारेही वैतागलेत आणि ज्यांच्या डोक्यावरून उडतो तेही. मी स्वतः छंद म्हणून ड्रोन उडवते, त्यामुळे दोन्हीकडचं थोडंफार कळतं.

प्रश्न: मी शिरूर तालुक्यातला, कंपनीत नोकरीला आहे. दिवाळीत मामाच्या गावी संध्याकाळी कांद्याच्या रानाचं शूटिंग करायला ड्रोन सोडला तर थोड्या वेळात पंचवीस-तीस माणसं जमा झाली, रिमोट काढून घेतला, कार्ड फॉरमॅट करायला लावलं, कोणीतरी ओरडलं की हा चोरांचा माणूस आहे. मामा धावत आले म्हणून सुटलो. ड्रोन रजिस्टर्ड, झोन ग्रीन (म्हणजे आधी परवानगी लागत नाही असा भाग), उंची 400 फुटांच्या आत. माझं चुकलं काय?

दादा, नियमाने बघितलं तर तुम्ही सांगताय त्यात काही चुकलेलं दिसत नाही, आणि रिमोट हिसकावणं, कार्ड पुसायला लावणं हा अधिकार गावातल्या कोणालाच नाही, त्याची तक्रार तुम्ही पोलिसांत करू शकता. पण तुम्ही मनापासून विचारलंय तर दुसरी बाजूही सांगते.

2024 चा पावसाळा आठवा. बीड, जालना, संभाजीनगर, नगर आणि पुण्याचा ग्रामीण भाग, रात्रीचे ड्रोन फिरतायत म्हणून गावंच्या गावं जागी होती, पोरं काठ्या घेऊन गस्त घालत होती, चोर आधी वरून रेकी करतात आणि मग दरोडा पडतो हे प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरत होतं. जालन्यात अंतरवाली सराटीवर ड्रोन दिसल्याची तक्रार झाली तेव्हा तर विषय थेट विधानसभेत गेला. ज्या बायाबापड्यांनी तेव्हा अंगणात बसून रात्री काढल्या त्यांना तुमच्या ड्रोनचा ग्रीन झोन माहीत असायचं कारण नाही, त्यांना दिसला तो दिवस मावळताना घरांवरून गेलेला लाल-हिरवा दिवा.

आता याच्या उलट बघा. 2020 पासून स्वामित्व योजनेत गावठाणांची मोजणी ड्रोननेच होतेय, तेव्हा कोणी काठ्या काढल्या नाहीत. आधी ग्रामसभेत सांगितलं गेलं, घराघराच्या हद्दीवर चुन्याच्या रेघा मारल्या गेल्या, मोजणीवाले सगळ्यांसमोर ड्रोन सोडत होते आणि गावातली पोरं भोवती कोंडाळं करून उभी. फवारणीचा ड्रोनही तसाच, तो तर केवढा मोठा, दहा लिटरची टाकी घेऊन उसावरून घरघरत जातो, पण नमो ड्रोन दीदी या बायकांना फवारणीचे ड्रोन देणाऱ्या सरकारी योजनेतली ताई बांधावर रिमोट घेऊन उभी दिसते, तिला विचारता येतं, तिचं घर कुठलं ते माहीत असतं. म्हणजे ड्रोनचं गावाला वावडं नाहीये दादा, तो चालवणारा दिसत नाही तेव्हा गाव घाबरतं, आणि माझ्या मते आपण छंदवाले नेमके इथेच कमी पडतो, कारण शॉट चांगला यावा म्हणून आपण बाजूला, झाडाआड, गच्चीवर जाऊन उभे राहतो.

म्हणून पुढच्या वेळी मामांनाच सोबत घ्या, आधी सरपंचांना किंवा पोलीस पाटलांना एक फोन करा, पोलीस स्टेशनला साधं पत्र देऊन पोच घ्या. मोकळ्या जागी, जिथून सगळ्यांना दिसाल तिथे उभे राहा, अंगात ते चमकणारं जॅकेट असेल तर उत्तम, आणि ड्रोन वर जायच्या आधी जे दोन-चार जण बघत असतील त्यांना हाक मारून स्क्रीन दाखवा. एखाद्या आजोबांना त्यांची स्वतःची विहीर आणि गोठा वरून कसा दिसतो ते बघू दे, मग पुढे येणाऱ्यांना तुमच्या वतीने तेच समजावतात, हे मी पुष्कळदा पाहिलंय. आणि दिवस मावळायच्या आत खाली उतरवा.

अजून एक, कार्ड कधीही पुसू नका. समोरच्याला वाटतं पुसलं की विषय संपला, पण उद्या कोणी तक्रार केली तर तुम्ही कोणाच्या घरात डोकावला नव्हता याचा पुरावा तेच फुटेज असतं. अ‍ॅपमध्ये फ्लाइट लॉगही राहतो, किती वाजता, किती उंचीवर, कुठून कुठे. शांतपणे सांगायचं की पोलीस येऊ द्या, त्यांच्यासमोर सगळं दाखवतो.

प्रश्न: आम्ही ठाण्यात नवव्या मजल्यावर राहतो. गेल्या महिन्यात दोनदा बेडरूमच्या खिडकीसमोर ड्रोन येऊन थांबला. मुलगी दहावीत आहे, ती आता पडदा उघडतच नाही. सोसायटीत सांगितलं तर म्हणाले कोणीतरी हौशी पोरगा असेल, सोडून द्या. मी उगाच बाऊ करतेय का?

अजिबात नाही ताई. ज्यांनी सोडून द्या म्हटलं त्यांच्या खिडकीसमोर तो थांबला नव्हता.

यात अंतर फार महत्त्वाचं आहे. साध्या छंदाच्या ड्रोनला बहुतेक वेळा रुंद कोनाचा कॅमेरा असतो, तो 60 मीटरवर असला तर समोरचा साधारण 90 मीटर रुंदीचा भाग एका फ्रेममध्ये येतो, म्हणजे फोर-के व्हिडिओतही माणसाचा चेहरा जेमतेम सहा-सात पिक्सेलचा, कोण आहे ते ओळखू येत नाही. पण तोच ड्रोन खिडकीपासून दहा मीटरवर आला की चेहरा सहापट मोठा होतो, ओळखू येतो, खोलीतलं सामान दिसतं. आणि झूमवाले ड्रोनही आता बाजारात आहेत, त्यांना लांबूनही दिसतं. तेव्हा उडवणाऱ्या मित्रांना माझी विनंती आहे की खालच्या माणसाला पिक्सेलचं गणित ऐकवू नका. कॅमेरा कुठला, झूम आहे की नाही, रेकॉर्डिंग चालू आहे का, यातलं काहीही खिडकीतून बघणाऱ्या बाईला कळायचा मार्ग नाही. तिने काय समजायचं?

ताई, परत आला तर मोबाइलवर शूट करा, पण असं की ड्रोनसोबत तुमच्या खिडकीची चौकट किंवा समोरची बिल्डिंगही दिसेल, म्हणजे तो किती जवळ होता ते सिद्ध होतं. वेळ लिहून ठेवा. मग खाली आणि आजूबाजूच्या गच्च्यांवर बघा, उडवणारा बहुतेक जवळपासच असतो, मान खाली घालून हातातल्या स्क्रीनकडे बघत. सापडला तर एकट्याने वाद घालायला जाऊ नका, सेक्रेटरी आणि वॉचमनला सोबत घ्या, नाहीतर सरळ 112 ला फोन करा. दगड किंवा काठी फेकून पाडायचा विचार मनात आणू नका, नवव्या मजल्यावरून पाव किलोची वस्तू खाली खेळणाऱ्या पोरांवर पडते, वर त्यातली लिथियमची बॅटरी फुटली तर पेट घेते, आणि नुकसानीची केस तुमच्यावरच.

तक्रार लेखी द्या. बाईला तिच्या खाजगी क्षणी चोरून बघणं किंवा शूट करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 खाली गुन्हा आहे, पहिल्यांदा दोष सिद्ध झाला तरी किमान एक वर्ष आणि जास्तीत जास्त तीन वर्षं शिक्षा. शरीराच्या खाजगी भागाचे फोटो परवानगीशिवाय काढले तर आयटी कायद्याचं 66-ई लागतं. गॅलरीत कपडे वाळत घालताना कोणी शूट केलं तर ते या कलमांत बसेलच असं नाही हे खरं आहे, पण नियम मोडून उडवणं हा वेगळा मुद्दा आहे आणि ड्रोन नियम 2021 प्रमाणे त्याला 1 लाखापर्यंत दंड होऊ शकतो, त्यामुळे अर्जात दोन्ही गोष्टी लिहा. आणि 2017 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं एकमताने सांगितलंय, पोलीस स्टेशनला कोणी बाऊ म्हणालं तर हे जरूर ऐकवा.

परवानगी असली तरी हा प्रश्न सुटत नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये वांद्र्याला मातोश्रीजवळ ड्रोन दिसला, मोठा गदारोळ झाला, मग एमएमआरडीएने सांगितलं की पॉड टॅक्सीच्या कामासाठी सर्व्हे चालू होता आणि मुंबई पोलिसांची परवानगी होती. त्यावर आदित्य ठाकरेंनी विचारलं की मग रहिवाशांना का कळवलं नाही. राजकारण बाजूला ठेवा, पण हा प्रश्न मला तंतोतंत पटतो. सरकारी सर्व्हे असो की लग्नाचं शूटिंग, आदल्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर दोन ओळी टाकायला काय लागतं, उद्या अमक्या वेळेत ड्रोन उडेल, हा माणूस, हा नंबर. तुमच्या कमिटीला असा नियमच करायला सांगा.

प्रश्न: माझा ड्रोन 249 ग्रॅमचा आहे. दुकानदार म्हणाला याला कुठलाच नियम लागत नाही. खरं का?

नाही. 250 ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो वर्गात येतो, त्याला पायलट सर्टिफिकेट लागत नाही, एवढी सूट खरी आहे (छंदासाठी उडवत असाल तर दोन किलोपर्यंतच्या मायक्रो ड्रोनलाही ते लागत नाही). पण रेड झोन, म्हणजे सरकारच्या परवानगीशिवाय उडवायला बंदी असलेला भाग, तो सगळ्यांनाच रेड झोन. मुंबई पोलीस वेळोवेळी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 खाली ड्रोनबंदीचे आदेश काढतात, मे 2025 मध्येही काढला होता. हे आदेश ठराविक मुदतीचे असतात आणि पुन्हा पुन्हा निघतात, त्यामुळे मागच्या महिन्यात चाललं म्हणून या महिन्यात चालेल असं धरू नका. आणि कोणाच्या खिडकीत डोकावलात तर वजन कोणी विचारत नाही.

प्रश्न: मी गेवराई तालुक्यातला, वय 71. रात्री आभाळात दिवे दिसले की अजूनही गाव गोळा होतं. ड्रोन आहे की काय हे ओळखायचं कसं?

काका, लाल-हिरवे दिवे विमानालाही असतात. विमान एका रेषेत जातं, मध्येच थांबत नाही, मागे वळत नाही. एकामागोमाग एक ठिपक्यांची माळ सरकताना दिसली तर ते बहुतेक स्टारलिंकचे उपग्रह. संध्याकाळी पश्चिमेला नाहीतर पहाटे पूर्वेला एकच ठळक दिवा जागच्या जागी दिसत असेल तर ती शुक्राची चांदणी. छंदाचा ड्रोन जवळ असला की मोहोळ उठल्यासारखा आवाज येतो आणि बॅटरी साधारण अर्ध्या तासात संपते, तेव्हा रात्रभर एकाच जागी दिसणारं काही असेल तर तो ड्रोन नसणार. खरंच खाली घिरट्या घालणारं काही दिसलं तर वेळ आणि दिशा लिहून 112 ला कळवा, व्हिडिओ ग्रुपवर टाकायच्या आधी. 2025 मध्ये उत्तर प्रदेशातही अशीच हवा उठली होती, मुजफ्फरनगरला दोघं जण कबुतरांना लाल-हिरवे दिवे बांधून सोडत होते आणि लोक ड्रोन समजून रात्र रात्र जागत होते. त्याच अफवांच्या दिवसांत रायबरेलीला एका निरपराध माणसाला जमावाने चोर समजून मारून टाकलं. काका, तुमच्या वयाच्या माणसाचं गाव ऐकतं, कोणी परका सापडला तर हात उचलू देऊ नका, बसवून ठेवा, पाणी द्या, पोलिसांना बोलवा.

प्रश्न: मुलगा नाशिकला इंजिनीअरिंगला आहे, स्वतः ड्रोन बनवतो. काही झालं की पहिला संशय याच्यावर येईल अशी भीती वाटते. छंद सोडायला सांगू का?

भीती खोटी नाहीये. लंडनजवळच्या गॅटविक विमानतळावर डिसेंबर 2018 मध्ये ड्रोन दिसल्याच्या बातमीने सुमारे 1,000 विमानांचं वेळापत्रक कोलमडलं आणि पोलिसांनी जवळच्या गावातलं एक जोडपं उचललं, कारण नवऱ्याला रिमोटवरच्या विमानांचा छंद होता. तो त्या वेळी कामावर होता हे त्याचा मालक सांगत होता, तरी दोघांना 36 तास कोठडीत ठेवलं, पेपरात फोटो छापून आले. पुढे पोलिसांना तडजोड करून भरपाई आणि वकिलांचा खर्च मिळून 2 लाख पौंड द्यावे लागले. पण म्हणून हात चालणाऱ्या पोराचा छंद सोडवू नका हो. त्याला एकट्याने उडवू देऊ नका, कॉलेजच्या मैदानावर, परवानगी घेऊन, मास्तरांना माहीत असताना उडवू दे. प्रत्येक फ्लाइटची वही ठेवायला सांगा, तारीख, वेळ, जागा, सोबत कोण होतं. घरी बनवलेल्या ड्रोनमध्ये लॉग साठवायची सोय असतेच असं नाही, तेव्हा वहीच कामाला येते.

प्रश्न: आम्ही गोव्यात राहतो. बीचवर टुरिस्ट बिनधास्त ड्रोन उडवतात, आम्ही स्थानिकांनी उडवला तर लोक भांडायला येतात. करायचं काय?

आधी डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी पोर्टलवरचा नकाशा बघा, दाबोळीला नौदलाचा तळ आहे, मोपाला दुसरा विमानतळ, त्यामुळे किनाऱ्याचा बराच भाग आपोआप निर्बंधात येतो आणि हे टुरिस्टना माहीतही नसतं. बीचवर लोक पोहायच्या कपड्यांत असतात, त्यांच्या डोक्यावरून ड्रोन नेणं मला मुळातच बरोबर वाटत नाही, भांडायला येणाऱ्यांचं त्यात काही चुकत नाही. सकाळी लवकर, गर्दीच्या आधी जा. रापण, म्हणजे मासेमारीचं मोठं जाळं, किनाऱ्यावर ओढतानाचा वरून शॉट फार छान येतो, पण आधी खाली चालत जाऊन रापणकारांना विचारा, ते नको म्हणाले तर ड्रोन बॅगेतच राहू दे.