गेटवर नाही, वर्कशॉपमध्ये

राम राम,

तुझा बायोडाटा मिळाला, दोनदा वाचला. वर ठळक अक्षरांत ‘हवालदार, ईएमई, १७ वर्षे सेवा’, म्हणजे सैन्याच्या वाहनं-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या शाखेतली नोकरी, आणि खाली ‘प्रामाणिक, मेहनती, शिस्तप्रिय, कोणतेही काम करण्याची तयारी’. असा कागद चाकणच्या कंपनीत गेला की माणसाला थेट सिक्युरिटीत टाकतात. गेटवरचं काम हलकं आहे असं मी म्हणत नाही. आपले कितीतरी माजी सैनिक ते इमानाने करतात. पण तू व्हेइकल मेकॅनिक आहेस. इतकी वर्षं डिझेल इंजिनं उघडलेल्या हातांनी बॅरिअर वरखाली करावा, हे मला पटत नाही.

कागद आधी एचआरकडे जातो. तिथल्या पोराला हवालदार म्हटलं की पोलीस आठवतो. म्हणून सुरुवात हुद्द्याने नको, कामाने कर: ‘जड वाहन मेकॅनिक, डिझेल इंजिन व एअर ब्रेक, १७ वर्षांचा अनुभव’. हुद्दा त्याखाली, आणि हाताखाली किती माणसं होती ते त्याच ओळीत.

परवा फोनवर तू सहज बोलून गेलास, की वर डोंगरात, थंडीत सैन्याच्या स्टॅलियन ट्रकच्या एअर टाकीत साचलेलं पाणी काढलं नाही तर ते लाइनमध्ये गोठतं आणि ब्रेक दगा देतात, म्हणून रोज संध्याकाळी तू उभं राहून सगळ्या टाक्या ड्रेन करून घ्यायचास. अरे, हे बायोडाटात कुठेच नाही! कारखान्यातही कॉम्प्रेसरची हवा ओली आली की व्हॉल्व्ह अडकतात, सिलिंडर गंजतात, उत्पादनाची लाइन बंद पडते. मेंटेनन्सचा इंजिनिअर हे रोज भोगतो. ‘उणे तापमानात जड वाहनांच्या एअर ब्रेक यंत्रणेची रोजची देखभाल, सोबतच्या मेकॅनिककडून काम करून घेणे’ एवढी ओळ त्याच्या नजरेला पडली तर तो तुला बोलावेल. अशा चार-पाच ओळी तुझ्याकडे नक्की आहेत. गिअरबॉक्स उतरवलास, सुट्या भागांचा हिशेब ठेवलास, नव्या पोरांना शिकवलंस, ते सगळं आठवून लिही.

मात्र युनिटचा नंबर, तैनातीचं ठिकाण, युनिटकडच्या गाड्यांची संख्या यातलं काहीही कागदावर नको. ‘अतिउंच, अतिथंड प्रदेश’ एवढं पुरे. आकडे द्यायचे ते तुझ्या स्वतःच्या कामाचे.

कोर्सची नावं आठवणीवर लिहू नकोस. सैन्यातून निवृत्त होताना मिळालेलं डिस्चार्ज बुक समोर घे आणि ट्रेडचा क्लास, कोर्स, साल जसंच्या तसं उतरव. जड वाहनाचं लायसन्स असेल तर ते वरच दिसू दे. सैन्याकडून मिळालेलं ग्रॅज्युएशन सर्टिफिकेट त्याच नावाने लिही, ‘बीए’ म्हणू नकोस. सरकारी भरतीत त्याचा उपयोग होतो, पण कुठल्या पदाला चालतं ते त्या त्या जाहिरातीत बघावं लागतं.

वडिलांचं नाव, जात, धर्म, उंची हे लग्नाच्या बायोडाटात शोभतं. इथून काढ. वर्दीतला फोटोही नको. एक पान, फार तर दीड. सायबर कॅफेवाला त्याचा जुना नमुना उघडून फक्त नाव बदलतो, आणि दुसऱ्याच कुणाचं ‘ऑब्जेक्टिव्ह’ तुझ्या नावावर छापून येतं. म्हणून शेजारी बसून टाइप करून घे. मोठ्या कंपनीसाठी इंग्रजीत कर, पण आधी मराठीत लिहून काढ. जे वाक्य तुला मराठीत समजावून सांगता येत नाही, ते इंटरव्ह्यूत अडचणीत आणतं.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवलंस का? नसेल तर या आठवड्यातच जा, तिथे नोकऱ्यांची माहिती येत असते. आणि ‘कोणतेही काम करण्याची तयारी’ ही ओळ आजच खोड. नवा मसुदा झाला की हाताने लिहिलेल्या पानाचा फोटो पाठव, टाइप करायची वाट बघू नकोस. रविवारी सकाळी फोन करतो, एकेक ओळ मिळून बघू.